छोट्या कारखान्याचा बॅकअप कसा लावायचा: सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात तीन कॉम्प्युटर. हिशेब मी बघते, व्हाउचर दिवाणजीकाका टाकतात, आणि जेकार्डचं (मागावर विणून काढायच्या नक्षीचं) डिझाइन करायला एक मुलगा आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन मार्चअखेरीला सकाळी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडली तर त्यात आमची कंपनीच दिसेना. फोल्डर उघडला. प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं, आणि सोबत पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. मी घाबरले नाही, कारण बॅकअपची हार्डडिस्क होती. घरच्या वडीलधाऱ्या आप्पांना अभिमानाने तसं सांगितलंही. मग त्या डिस्कवर बघितलं तर तिथेही तेच शेपूट. डिस्क दोन वर्षं कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावलेलीच होती. व्हायरसच्या दृष्टीने ती सी आणि डी ड्राइव्हसारखीच आणखी एक ड्राइव्ह.

ऑक्टोबरातला एक पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात सापडला, त्यावर अर्धं वर्ष निभावलं. उरलेले पाच महिने काकांनी आणि मी बिलं समोर ठेवून पुन्हा टाकले. डिझाइनं मात्र परत आली नाहीत. एका हॉटेलच्या नावाचे टॉवेल आम्ही विणायचो. पुढची ऑर्डर आली तेव्हा त्यांच्याकडूनच एक वापरलेला टॉवेल मागवला आणि त्यावरून अक्षरं नव्याने काढली. गिऱ्हाइकाला काय कारण सांगितलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर जे उभं केलं ते पुढे देते. तुमचं चादरीचं असो, युनिफॉर्मचं असो, नाहीतर मार्केट यार्डातली कांद्याची अडत, फरक फक्त पहिल्या पायरीत पडेल.

आधी हे जमवा

- दोन एक्सटर्नल हार्डडिस्क, सारख्या मापाच्या. सगळा डेटा मोजा आणि त्याच्या निदान तिप्पट जागेची घ्या. आमचा ९० जीबी भरला, आम्ही १ टीबीच्या घेतल्या. यूएसबीवरच चालणाऱ्या छोट्या घ्या, वेगळा अडॅप्टर लागणाऱ्या नकोत, अडॅप्टर हरवतो.
- चालू स्थितीतला यूपीएस. कॉपी चालू असताना लाइट गेली तर मूळ फाइल आणि प्रत दोन्ही बिघडू शकतात.
- कारखान्याच्या नावाने उघडलेला ईमेल. डिझाइनरच्या किंवा पुतण्याच्या खासगी ईमेलवर क्लाऊड (इंटरनेटवरची साठवणीची जागा) उघडलंत तर तो नोकरी सोडेल त्या दिवशी डेटा त्याच्याबरोबर जाईल.
- शंभर पानी वही.
- एका फाइलीत हे कागद: टॅलीचा सीरियल नंबर आणि तो ज्या ईमेलवर नोंदला आहे तो, विंडोजची की, जीएसटी पोर्टलचं यूजरनेम आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर, डिजिटल सिग्नेचरची मुदत संपण्याची तारीख, कॉम्प्युटरची बिलं.

१. डेटा कुठे कुठे पडलाय ते शोधा

या पायरीला एक पूर्ण दिवस द्या. आम्हाला वाटत होतं डेटा म्हणजे टॅली. वही घेऊन प्रत्येकाच्या शेजारी बसले आणि एकच प्रश्न विचारला: "तुम्ही रोज काय उघडता?" तेव्हा कळलं.

टॅलीचा डेटा बहुतेक ठिकाणी सी ड्राइव्हवर यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेने सापडतो. प्रत्येक कंपनीचा आकड्यांच्या नावाचा फोल्डर असतो. पण बसवून देणाऱ्याने जागा बदललेली असू शकते, म्हणून टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर जो पाथ दिसतो तोच खरा माना. आमच्याकडे दोन डेटा फोल्डर निघाले. एकात चालू वर्ष, दुसऱ्यात आप्पांच्या जुन्या फर्मचा हिशेब, ज्याची आठवण कुणालाच नव्हती.

डिझाइनच्या फायली दोन जातीच्या असतात. एक मूळ, जिच्यात रंग आणि विणी बदलता येतात. दुसरी मागाच्या कंट्रोलरला द्यायची तयार फाइल. बहुतेक कारखान्यांत तयार फाइल पेनड्राइव्हवर मागापाशी असते म्हणून माणूस निर्धास्त राहतो. त्या फायलीवरून पुन्हा तसाच टॉवेल निघेल, पण गिऱ्हाइकाने "किनार दोन इंच वाढवा" म्हटलं की अडलात. दोन्ही जपा. मागापाशी फिरणारे पेनड्राइव्हही एकदा गोळा करून उतरवून घ्या. सुताच्या तंतूंनी त्यांचं तोंड भरलेलं असतं, आधी पुसा.

मग व्हॉट्सअ‍ॅप. ऑर्डर तिथे येते, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो तिथे येतो, भावाची घासाघीस तिथे होते. आप्पांच्या फोनमध्ये कारखान्याची निम्मी कागदपत्रं आहेत. फोनमधल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअप चालू करा हे तर झालंच, शिवाय आठवड्यातून एकदा बिल्ट्यांचे आणि ऑर्डरींचे फोटो कॉम्प्युटरवर महिन्याच्या फोल्डरात टाका.

ईमेलसाठी आउटलूक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल (जिच्यात सगळे मेल साठतात ती) शोधा. आउटलूक उघडं असताना ती साध्या कॉपीने नीट येत नाही. डेस्कटॉपवर विखुरलेल्या एक्सेल, पगाराचं रजिस्टर, पीएफ-ईएसआयची चलनं, स्कॅन केलेली बिलं, बँकेची स्टेटमेंटं. आणि एक गोष्ट जिचा बॅकअप होतच नाही: डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन. त्यातली किल्ली बाहेर काढता येत नाही, तशीच ती बनवलेली असते. टोकन हरवलं की नवीन काढायचं, म्हणून फक्त तारीख लिहून ठेवा.

हे सगळं सापडल्यावर शक्य तेवढं एका ठिकाणी आणा. आम्ही डी ड्राइव्हवर "कारखाना" नावाचा एकच फोल्डर केला आणि त्याच्या पोटात हिशेब, डिझाइन, बिलं, पगार. डेस्कटॉपवर काही ठेवायचं नाही असा नियम केला. तो अजून रोज मोडतो, पण पूर्वीइतका नाही.

२. किती दिवसांचं काम गेलेलं चालेल?

हिशेबाचा एक दिवस गेला तर काका संध्याकाळी बसून भरून काढतात. डिझाइनचा आठवडा गेला तर गिऱ्हाईक जातं. म्हणून हिशेब आणि डिझाइन रोज, बाकी आठवड्याला. एवढंच ठरवायचं आहे, जास्त घोळ घालू नका.

किती जुनं जपायचं याला मात्र कायदा आहे. जीएसटीची हिशेबपुस्तकं त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर कंपनी कायद्याने ८ आर्थिक वर्षं, आणि कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिशेबपुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असायला हवा. प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्मला हा रोजचा नियम नाही. तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या, ते असंही फोनवर असतातच.

३. दोन डिस्क, लाल आणि हिरवी

बॅकअपचा जुना नियम ३-२-१ असा सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. आमच्या भाषेत: एक कॉम्प्युटरवर, एक डिस्कवर, एक क्लाऊडवर, आणि डिस्क दोन असल्यामुळे त्यातली एक घरी.

डिस्कवर स्टिकर लावा. आमची एक लाल, एक हिरवी. सोमवारी सकाळी आप्पा जुळे सोलापुरातल्या घरातून हिरवी घेऊन येतात आणि संध्याकाळी लाल घेऊन जातात. पुढच्या सोमवारी उलट. त्यांना कॉम्प्युटर येत नाही, "हार्डडिक्स" म्हणतात, पण गेल्या दोन वर्षांत एकही सोमवार चुकलेला नाही. माझा चुकला असता.

डिस्क कॉपीपुरतीच लावायची आणि "सेफली रिमूव्ह" करून काढून कपाटात ठेवायची. माझ्या मार्चचं सगळं कारण या एका वाक्यात आहे. कुणी सांगेल की रेड (RAID) लावा, म्हणजे दोन डिस्क एकाच वेळी लिहिल्या जातात. रेड चांगलं आहे, एक डिस्क मेली तर काम थांबत नाही. पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. तो बॅकअप नव्हे.

दुसरी जागा खरोखर दुसरी हवी. वरच्या मजल्यावरचं कपाट ही दुसरी जागा नाही. मे २०२५ मध्ये आमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, आठ जीव गेले. त्यापुढे फायलींचं बोलणंसुद्धा बरं वाटत नाही. पण सूत आणि कापड भरलेल्या इमारतीत आगीचा विचार करूनच प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते, डिस्क कुठे राहील हेही.

आणि एप्रिल-मेमध्ये डिस्क स्कूटरच्या डिकीत ठेवून नवी पेठेत खरेदीला जाऊ नका. सोलापूरचं ऊन ४२-४३ वर असतं तेव्हा बंद डिकी भट्टी होते. टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत न्या. टॉवेलाची आपल्याकडे वाण नाही.

४. टॅलीचा बॅकअप

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, डेटाचा मेनू येईल, त्यात बॅकअप. कंपनी निवडा, जागा द्या, झालं. अडतं ते पुढच्या गोष्टींत.

रोजच्या बॅकअपला वेगळा फोल्डर द्या, नावात तारीख. तोच फोल्डर पुन्हा पुन्हा वापरलात तर कालच्या चांगल्या प्रतीवर आजची बिघडलेली प्रत बसते, आणि बिघाड चार दिवसांनी लक्षात येतो. आम्ही शेवटचे १४ दिवस, प्रत्येक महिन्याची शेवटची प्रत, आणि प्रत्येक ३१ मार्चची प्रत ठेवतो. ३१ मार्चची कधीच पुसत नाही.

डेटा फोल्डरच थेट कॉपी करत असाल तर आधी सगळ्या कॉम्प्युटरांवरची टॅली बंद करा. काका शेजारच्या टेबलावर व्हाउचर टाकत असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते.

टॅलीव्हॉल्टचा (टॅलीच्या डेटाला कुलूप लावणाऱ्या सोयीचा) पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवा. तो विसरला की कुणीही परत मिळवून देत नाही, बॅकअप दहा असले तरी.

टॅलीची नवी आवृत्ती घ्यायच्या आधी हमखास एक प्रत काढा. नव्या आवृत्तीत बदललेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

५. बाकीच्या फायली आपोआप

माणसाच्या आठवणीवर सोडलेला बॅकअप दिवाळीपर्यंत चालतो. म्हणून आपोआप लावा.

विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री आहे, फुकट. पण ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असे ठरावीक फोल्डरच घेते. डी ड्राइव्हवरचा तुमचा "कारखाना" फोल्डर लायब्ररीत घातल्याशिवाय तिला दिसत नाही. हे न कळल्याने कितीतरी लोक रिकाम्या समाधानात असतात. वीम कंपनीचं विंडोजसाठीचं मोफत एजंट चांगलं आहे, पूर्ण कॉम्प्युटरची हुबेहूब प्रत (इमेज) घेतं. जुन्या व्हिडिओंत मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सांगतात, ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. कुठूनतरी जुनी उतरवून बसवू नका.

हाताशी थोडं तांत्रिक ज्ञान असेल तर विंडोजमधलेच रोबोकॉपी (फायली कॉपी करायची कमांड) आणि टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा) पुरे. फक्त रोबोकॉपीचा "मिरर" पर्याय जपून वापरा. मूळ जागी जे नाही ते तो प्रतीतूनही पुसतो. आमच्या डिझाइनरने चुकून एक फोल्डर हलवला आणि रात्रीत तो बॅकअपवरूनही गेला होता. हिरवी डिस्क घरी होती म्हणून मिळाला.

वेळ दुपारी दोनची लावा, जेवणाची. रात्री अकराची लावली तर मशीन बंद असतं, कारण शेवटचा जाणारा माणूस मेन स्विच पाडून जातो. डिस्क दीड वाजता लावायची, तीनला काढायची.

६. क्लाऊड

गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यात जीमेल आणि फोटोही धरलेले असतात. कारखान्याला विकतची जागा घ्यावी लागेल.

पहिल्या अपलोडचा हिशेब आधी करा. इंटरनेटवाले डाउनलोडचा वेग मिरवतात, तुम्ही अपलोडचा विचारा. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. ९० जीबीला २० तास लागतात. आम्ही शनिवारी संध्याकाळी लावून रविवारभर चालू ठेवलं. नंतर रोज फक्त बदललेलं जातं, दहा मिनिटांत होतं.

आता सापळा. गुगल ड्राइव्हचा फोल्डर कॉम्प्युटरवर सिंक करणं आणि बॅकअप घेणं या दोन गोष्टी आहेत. सिंकमध्ये तुमच्याकडे डिलीट झालं की तिकडेही होतं. व्हायरसने फाइल खराब केली की खराब फाइल वर जाते. गुगल ड्राइव्हचं ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामं होतं, आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्याही साधारण तेवढेच दिवस राहतात. चूक त्या आत लक्षात आली तर वाचलात. म्हणून क्लाऊडवर सुद्धा आम्ही टॅलीच्या तारीखवार प्रतीच पाठवतो, चालू डेटा फोल्डर नाही. चालू टॅली डेटा सिंकच्या फोल्डरात ठेवून काम करणं तर मुळीच नको.

खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मोबाइल नंबर मालकाचा द्या.

७. कुलूप

घरी जाणाऱ्या डिस्कवर पगार, आधारच्या प्रती, बँकेचे कागद असतात. रिक्षात विसरली तर? विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर (डिस्कला पासवर्डचं कुलूप लावणारी विंडोजचीच सोय) लावा. तो ४८ आकडी रिकव्हरी की देतो. ती छापून तिजोरीत. त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. हसू नका, मी केली होती.

८. परत आणून बघा

बॅकअपचा हिरवा टिक बघून खूश होणारे आम्ही एकटे नव्हतो हे मला नंतर चार ठिकाणी दिसलं. दर तीन महिन्यांनी आम्ही रिकाम्या लॅपटॉपवर सगळं परत आणतो. जानेवारीतली खेप गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत, कारण तेव्हा ऑफिस शांत असतं.

टॅलीत ऑल्ट आणि वाय, मग रिस्टोअर. जागा देताना "चाचणी" नावाचा नवा फोल्डर द्या. चालू डेटाच्या फोल्डरात रिस्टोअर केलंत तर आजच्या हिशेबावर जुना हिशेब बसेल. बॅकअप तपासायला गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने डेटा घालवला असं होऊ शकतं. वेगळा लॅपटॉप त्यासाठीच. लायसन्स नसलेल्या लॅपटॉपवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. नोंदी ठरावीक तारखांच्याच करता येतात, पण आपल्याला बघायचंच आहे.

काय बघायचं: शेवटच्या विक्री बिलाचा नंबर मूळ टॅलीशी जुळतो का. ट्रायल बॅलन्सची बेरीज तीच आहे का. मग डिझाइनच्या तीन फायली, एक नवी, एक वर्षाची जुनी, एक कुणीही बोट ठेवेल ती, त्या सॉफ्टवेअरमध्ये खरोखर उघडा. नाव दिसणं पुरेसं नाही. आमच्या पहिल्या चाचणीत बिलांच्या एका फोल्डरातल्या पीडीएफ शून्य केबीच्या निघाल्या. कॉपीच्या वेळी स्कॅनरचं सॉफ्टवेअर त्या धरून बसलं होतं.

घड्याळ लावा. आम्हाला पहिल्यांदा पावणेचार तास लागले, त्यातला तासभर पासवर्ड शोधण्यात. आता सव्वा तासात होतं. मोठं गिऱ्हाईक "माल कधी?" विचारत असताना हा आकडा ठाऊक असणं फार मोलाचं आहे.

९. वही आणि नाव

वहीत रोज एक ओळ: तारीख, कुठली डिस्क, कुणी, झालं की नाही. सही. आमच्याकडे काका करतात, ते रजेवर असतील तर मी. "ऑफिसमधले बघतात" असं असेल तर कुणीच बघत नाही.

घात झालाच तर

फायलींची नावं बदललेली दिसली की आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, बाकीचे कॉम्प्युटर वेगळे करा. बॅकअपची डिस्क चुकूनही त्या मशीनला लावू नका. घाईत सगळे तेच करतात. पडद्याचा फोटो काढा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. अशी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेला) कळवायचा नियमही २०२२ पासून आहे. पैसे देऊ नका. दिल्यावर फायली सुटतीलच असं नाही. "नो मोअर रॅन्सम" हा युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि डच पोलिसांचा २०१६ पासूनचा उपक्रम काही जातींच्या व्हायरसवर मोफत किल्ल्या देतो, तिथे बघा.

मशीन पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकल्यावरच डिस्क लावायची. व्हायरस आमच्याकडे कसा आला ते नक्की कळलं नाही, पण संशय एका "परचेस ऑर्डर" नावाच्या ईमेलवर होता. निर्यातीच्या चौकशा येतात त्या सगळ्यांना असे मेल येतात. क्रॅक केलेली टॅली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मोफत सपोर्ट संपलेलं विंडोज १० हेही दरवाजे उघडेच ठेवतात. दुरुस्ती करणारा कुणी दुरून जोडून घ्यायचं सॉफ्टवेअर टाकून गेला असेल तर काम झाल्यावर ते काढून टाका. आमच्या तीनपैकी दोन कॉम्प्युटरांवर ते सापडलं, आणि पासवर्ड होता कारखान्याचंच नाव.